चौदावं स्टूल

लाहती गावात डिसेंबर.
दुपारी तीनलाच वर्कशॉपची खिडकी काळी.
राइली पेल्टोला पेन्सिल कानामागे खोचते
आणि झडती घ्यावी तशी स्टुलाभोवती फिरते:
अजून काय जास्तीचं आहे तुझ्याकडे?

पहिल्या खेपेला पाठ गेली.
पाचव्या खेपेला पायांमधली आडवी पट्टी.
मग स्क्रू, मग वॉर्निश,
मग कडेची ती बारीक खोबण
जिच्यावर, खरं सांगायचं तर, तिचा जीव होता.
नवव्यांदा चौथा पाय गेला
तेव्हा शेजारच्या बाकावरचा तोइवो
रंधा थांबवून म्हणाला,
"आता फळीही काढ. म्हणजे मिटलं."

तेराव्याला उरलं ते एवढंच:
भूर्जाची एक गोल फळी, तीन पाय,
खाचेत कुसू, कुसवात पाचर,
वजन एका मांजराएवढं.
गुण्या लावा, ओळंबा लावा,
बोट ठेवायला जागा नाही.

ते तिने नेलं तिसऱ्या मजल्यावर,
एइने तौकोला, वय एक्याऐंशी, यांच्याकडे.
"महिनाभर ठेवा," म्हणाली. "आणि जपू नका."

एइनेबाईंनी जपलं नाही.
सकाळी दाराशी, लोकरीचे मोजे चढवायला.
दुपारी खिडकीशी: वर जिरेनियमची कुंडी,
ऊन म्हणून जे काही येईल त्याच्या वाटेवर.
रात्री पलंगाशी: चष्मा, गोळ्या, रेडिओ.
एकदा तर वर चढून दिवा बदलला.
हे नंतर ऐकताना
राइलीने डोळे मिटून घेतले.
तीन पायांवर!

जानेवारीत ती परत गेली, वही घेऊन.
क्षणभर स्टूल ओळखूच येईना.
फळीवर कॉफीची तीन वर्तुळं, एकमेकांत अडकलेली,
आणि एका पायाला बांधलेली लाल पट्टी,
जुन्या स्वेटरची बाही उसवून विणलेली,
बकरीच्या दाव्यासारखी.

"हे काय?"
"ओढायला. वाकायचं, कवेत घ्यायचं, उचलायचं,
ते आता होत नाही मला.
छान आहे हो तुमचं स्टूल.
पण धरायचं कुठं,
ते सांगितलंच नाहीत तुम्ही."

राइलीने वहीत काही लिहिलं नाही.
एक कोरं पान फाडून टेबलावर ठेवलं,
म्हणाली, "हात ठेवा."
पेन्सिल हळूहळू फिरली
करंगळीच्या वाकड्या पेरावरून,
जिथून अंगठी आता निघत नाही त्या सांध्यावरून.
चार बोटं, आणि बोटांभोवती थोडी हवा.

परतीच्या बसमध्ये ती चिडलेली होती.
कुणावर, ते काही ठरेना.
वर्षभर काय काय काढलं आपण,
आणि सगळं नुसतं डोळ्यांनी.

चौदाव्या फळीत तिने मधोमध
एक लांबट फट कोरली, पटाशीने,
कडा आतून घासघासून गोल केल्या.
काहीतरी द्यायचं होतं
आणि दिलं ते पुन्हा काढूनच;
तिला याचं हसू आलं, ढलप्या झाडताना.
चौथा पायही गुपचूप परत आला.
तोइवो बोलला नाही काही,
शिट्टी मात्र जरा मोठ्याने वाजवली.

कारखान्याचा माणूस म्हणाला,
फट दोन सेंटिमीटरने कमी करा,
मशीनचा एक फेरा वाचेल.
राइलीने घडी घातलेला कागद उलगडला,
त्याच्यापुढे सरकवला.
"यातलं कुठलं बोट कापू?"

तेरावं अजून वर्कशॉपातच आहे, वरच्या फळीवर.
देखणं आहे. कुणी बसत नाही.

चौदावं एइनेबाईंकडे.
फटीत हात घालून त्या ते सहज नेतात
दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून पलंगापर्यंत.
लाल पट्टी मात्र तशीच आहे,
आता त्या फटीतून ओवलेली.
कशाला, विचारलं तर म्हणतात,
"असू दे. सवय झालीय तिला."